पोलला मतं भरपूर, ऑर्डर नाही. माझं काय चुकतंय?

वहीवाली:
नमस्कार. मी हाताने शिवलेल्या वह्या करते. पुठ्ठा कापण्यापासून शेवटची गाठ मारेपर्यंत सगळं एकटीच. गेले तीन महिने इन्स्टाग्रामच्या स्टोरीत रोज काहीतरी विचारते, कधी पोल, कधी क्विझ. ‘रेघांची वही की कोरी?’ या पोलला साठेक मतं पडली आणि कोरी जिंकली. मला खूप हुरूप आला. वीस कोऱ्या वह्या शिवल्या. त्यातल्या सोळा अजून कपाटात आहेत. एका वहीला माझी अख्खी दुपार जाते, त्यामुळे हे जिवाला लागलंय.

मत देणारे वेगळे आणि विकत घेणारे वेगळे, असंच असतं का? एकदा लाइव्हही केलं होतं. दोघंच आले, काय बोलावं सुचेना, सात मिनिटांत बंद केलं. मैत्रीण म्हणते फेसबुकवर गिव्हअवे कर, म्हणजे अट पाळणाऱ्यांपैकी एकाला वही फुकट दे, ‘तीन जणांना टॅग करा, पोस्ट स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा’ असं. करू का?

पिशवीघर:
ताई, मी कापडी पिशव्या शिवते आणि याच खड्ड्यात पडून वर आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोलवर बोट टेकवायला एक क्षण लागतो, त्यात कोणाचं काही जात नाही. माझ्या पोलमध्ये निळा रंग जिंकला होता. मी निळ्या कापडाचा तागा आणला आणि विकल्या गेल्या तपकिरी पिशव्या. नंतर एका जुन्या गिऱ्हाईक बाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘निळा दिसायला छान आहे, पण मला रोज वापरायची असते, मळखाऊ रंग बरा.’ मी ‘कोणता आवडतो’ असं विचारलं होतं. ‘तुम्ही पिशवी कशासाठी वापरता’ हे विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रश्न बदलला. पोलपेक्षा प्रश्नाचा स्टिकर जास्त वापरते, ज्यात लोकांना स्वतः लिहावं लागतं. ‘तुमच्या आधीच्या पिशवीचं सगळ्यात आधी काय बिघडलं?’ असं एकदा विचारलं. उत्तरं अकराच आली, पण त्या अकरांनी मला शहाणं केलं. कुणाची चेन अडकायची, कुणाचे बंद खांद्यावर रुतायचे, दोघींचं अस्तर फाटलं होतं. मी बंद रुंद केले, अस्तराला दुहेरी शिलाई घातली आणि ते काम करतानाचे व्हिडिओ त्याच उत्तरांसोबत स्टोरीत टाकले. उत्तर असं पुढे शेअर केलं तर लिहिणाऱ्याचं नाव बाकीच्यांना दिसत नाही, ते फक्त आपल्याला कळतं. त्यामुळे लोक मोकळेपणाने लिहितात. ज्यांनी तक्रार लिहिली होती त्यांना मी वेगळा निरोपही पाठवला: ‘तुम्ही सांगितलं तसं केलंय, बघा.’ अकरापैकी चौघींनी पिशवी घेतली. पोलच्या मतांनी मला एवढं कधीच दिलं नव्हतं.

पोल सोडा असं मी म्हणत नाही. पण मतं मोजून थांबू नका, मतं कोणाची आहेत ते बघा. स्टोरी वर सरकवली की कोणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं. स्टोरी २४ तासांत जाते आणि ही यादीही पुढे फार काळ दिसत नाही, म्हणून मी त्याच रात्री नावं उतरवून घेते. दर वेळी मत देणारी माणसं तीच असतात, हे तुम्हालाही दिसेल. त्यात सोबतच्या कारागीर मैत्रिणी किती, नातेवाईक किती आणि खरोखर वही वापरणारे किती, हे एकदा वेगळं काढा. मी काढलं तेव्हा निम्म्याहून जास्त मतं माझ्यासारख्याच शिवणाऱ्या बायकांची निघाली. त्या प्रेमाने मत देतात, पण त्या पिशवी कशाला घेतील?

आणि वीस वह्या आधी शिवू नका. दोन शिवा, ‘कोणाला हवी?’ विचारा, नाव नोंदवून घ्या आणि तेवढ्याच करा. काउंटडाउनचा, म्हणजे उलटी वेळ मोजणारा स्टिकर यासाठी चांगला आहे. ज्याला हवं तो आठवण लावून ठेवतो आणि वेळ संपली की त्याला सूचना जाते. बोट टेकवण्यापेक्षा ही खूण पक्की.

चाकदुरुस्ती:
माझं सायकल दुरुस्तीचं काम आहे, इन्स्टाग्राम फारसं नाही. व्हॉट्सॲपबद्दल सांगतो. ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा जातो त्या यादीतून, पाठवलेला निरोप फक्त त्यालाच पोचतो ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय. वर्षभर मी पाठवत राहिलो आणि निम्म्या लोकांना काही मिळतच नव्हतं. आता सायकल परत देताना समोरच नंबर सेव्ह करायला सांगतो. आणि गिऱ्हाइकांचा ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, पोल घेतला तर कोणी काय निवडलं तेही दिसतं. पहिल्या तिघांनी जे निवडलं तिकडेच बाकीचे जातात.

शांतपणे:
गिव्हअवेबद्दल. ‘स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा म्हणजे भाग घेता येईल’ ही अट फेसबुकच्या नियमांत बसत नाही, मित्रांना टॅग करायला लावणंही नाही. शिवाय लोकांना मतासाठी, टॅगसाठी गळ घालणाऱ्या पोस्ट खाली ढकलू, असं फेसबुकने २०१७ मध्येच जाहीर केलंय. नियम बाजूला ठेवला तरी फुकट वहीसाठी आलेला माणूस निकाल लागला की जातो. वही द्यायचीच असेल तर जुन्या गिऱ्हाइकाला द्या.

वहीवाली:
पिशवीघर ताई, त्या पोलच्या नावांचे स्क्रीनशॉट तेव्हा काढून ठेवले होते, काल रात्री बसून त्यांवरून यादी काढली. साठातले एकतीस जण स्वतः वह्या किंवा कागदाच्या वस्तू करणारे आहेत. मला वाटत होतं हे सगळे माझे गिऱ्हाईक. आज प्रश्नाचा स्टिकर लावला: ‘अर्धवट सोडलेली शेवटची वही का सोडली?’ आत्तापर्यंत नऊ उत्तरं आलीत. तिघांनी लिहिलंय की वही सपाट उघडी राहत नाही, लिहिताना एका हाताने दाबून धरावी लागते. माझी वही पूर्ण सपाट उघडते, शिवणच तशी आहे, आणि हे मी तीन महिन्यांत एकदाही दाखवलं नाही!

लाइव्हचं मात्र अजून कळत नाही.

पिशवीघर:
ही नऊ उत्तरं समोर ठेवूनच लाइव्ह करा. बोलायचं काय हा प्रश्नच उरणार नाही. कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातांवर ठेवा. वही शिवायला घ्या आणि एकेक उत्तर वाचत त्यावर बोला. आदल्या दिवशी त्या तिघांना वेळ कळवा. दोघंच आले तरी अर्धा तास बंद करू नका, माझ्याकडे लोक विसाव्या मिनिटाला येतात. आणि कपाटातली एक कोरी वही सुरुवातीलाच उघडून टेबलावर ठेवा, हात न लावता.