लग्नावरून ग्रीन कार्ड: कुठे अडलं, कसं सुटलं

कंपनीमार्फत येणाऱ्या ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या तारखांवर आपल्यात रोज चर्चा चालते. लग्नावरून मिळणाऱ्या कार्डाबद्दल मात्र 'सिटिझनशी लग्न केलं ना, मग काय, मिळणारच' एवढंच ऐकू येतं. ज्यांचं अडलं आणि सुटलं त्यांनी लिहा. सल्ला वकिलाकडून घ्या, इथे फक्त अनुभव.

सातारा जिल्हा, आता न्यू जर्सी
माझ्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरीच होती. स्त्री, तारीख, आईवडिलांची नावं, संपलं. नोंद बारशाआधी व्हायची, नाव घालायला परत कोण जातंय! त्यात लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं आणि विवाहनोंदणीच्या अर्जात हौसेने तेच गेलं. म्हणजे पासपोर्ट एकीचा आणि लग्नाचा दाखला दुसरीचाच. नवरा अमेरिकन नागरिक, म्हणून व्हिसासाठी रांग नव्हती, आय-१३० (त्याने माझ्यासाठी भरलेला अर्ज) मंजूरही झाला होता. शाळा सोडल्याचा दाखला दाखवून नगरपालिकेत जन्मनोंदीत नाव घालून घेतलं ('साहेब रजेवर आहेत' हे पाठ झालं). दोन्ही नावं एकाच बाईची, असं आईने आणि मामाने प्रतिज्ञापत्र दिलं. सोबत इंग्रजी भाषांतरासह लग्नपत्रिका जोडली, कारण तिच्यावर चि. सौ. कां.पुढे माहेरचं नाव ठळक छापलेलं होतं. मुंबईच्या मुलाखतीत खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "नवीन नाव कोण वापरतं?" म्हटलं, "फक्त सासूबाई." तेवढ्यावर भागलं.

मिशिगन
बायको सिटिझन, पण पीएचडीची विद्यार्थिनी. आय-८६४ (जोडीदाराचा खर्च उचलायची हमी) साठी उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी लागतं, स्टायपेंड तिथवर पोचेना. तिचे काका जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे दुसरे हमीदार, झाले. सही करताना त्यांनी सगळे कलम वाचून काढले आणि म्हणाले, "घटस्फोट झाला तरी माझी जबाबदारी सुटत नाही म्हणे. तेव्हा भांडा, पण बेतानं."

नाव-गाव नको
लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड मिळालं की ते अटींसकट, दोनच वर्षांचं असतं. त्या अटी काढायला आय-७५१ अर्ज लागतो, एरवी दोघांच्या सह्यांनी. नवरा तेच धरून बसला होता: सही करणार नाही, जा परत. मारहाणही होती. एका स्वयंसेवी संस्थेतल्या वकीलबाईंनी सांगितलं की अत्याचार असेल किंवा घटस्फोट झाला असेल तर एकटीला अर्ज करता येतो, लग्न खरं होतं एवढं दाखवावं लागतं. घरभाड्याचा करार, जॉइंट खातं, डॉक्टरांच्या नोंदी, फोनवरचे मेसेज दिले. मिळालं. अजून कार्डच नसेल आणि असा अत्याचार करणारा जोडीदार सिटिझन किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर आय-३६० अर्ज आहे, तोही जोडीदाराला न कळवता भरता येतो. पुरुषांनाही. मेसेज पुसू नका.

डॅलस
माझं कार्ड नोकरीवरचं. ऑक्टोबर २०२० मध्ये रांगेतल्या तारखा एकदम पुढे सरकल्या, आय-४८५ (अमेरिकेत राहूनच कार्ड मागायचा अर्ज) भरला. साखरपुडा झालेला, मुहूर्त मे महिन्यातला. कार्ड लग्नाआधी हातात आलं असतं, तर बायको एफ२ए च्या, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांच्या, वेगळ्या रांगेत गेली असती. लग्न आधी झालेलं असेल तर तिला माझ्याच अर्जामागून येता येतं. म्हणून हिवाळ्यात जाऊन रजिस्टर लग्न उरकलं, अक्षता मेमध्ये. आजी महिनाभर बोलली नाही, पण त्याला इलाज नव्हता. (आय-४८५ चालू असताना बाहेर जाणाऱ्यांनो, वैध एच किंवा एल व्हिसा नसेल तर आधी अ‍ॅडव्हान्स परोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) घ्या. नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात.)

बॉस्टन
आम्ही दोघं पुरुष. मॅसॅच्युसेट्समध्ये असं लग्न २००४ पासून कायदेशीर, पण फेडरल सरकारच्या लेखी ते लग्नच नव्हतं. २६ जून २०१३ ला सुप्रीम कोर्टात विंडसर खटल्याचा निकाल लागला, फेडरल सरकारलाही असं लग्न मानावं लागलं आणि त्याच उन्हाळ्यात अर्ज भरला. अडचण पुराव्याची: माझ्या घरचं कुणीच लग्नाला नव्हतं, त्यामुळे आपल्याकडे असतो तसा ऐंशी माणसांचा ग्रुप फोटो नाही. विम्यावर एकमेकांचं नॉमिनेशन, भाडेकरार आणि मित्रांची नोटराइज्ड पत्रं, एवढ्यावर काम झालं.