टेबल फंक्शनचे चाळे डॉक्युमेंटमध्ये लिहायचे की नाही?

रात्रपाळी: आमच्याकडे पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस) ९.६ व्हर्जनवरून १३ वर नेलं आणि एक रिपोर्ट बोंबलला. क्वेरी साधी, सिलेक्टमध्येच (कॉलमच्या यादीत) दोन अननेस्ट, म्हणजे यादी उलगडून ओळी देणारं टेबल फंक्शन, एक रंगांचं एक साइझचं. ३ रंग, २ साइझ, आधी ६ ओळी यायच्या, आता ३ येतात आणि तिसऱ्या ओळीत साइझ नल (रिकामं). शोधलं तर कळलं की व्हर्जन १० च्या आधी ओळींच्या संख्यांचा चक्क लसावि निघायचा, तेवढ्या ओळी यायच्या!! हो, तोच शाळेतला लसावि. माझं म्हणणं, असलं सगळं टीमच्या विकीवर लिहून ठेवायचं. आमचा लीड म्हणतो नको.

खुंटी: लीड बरोबर आहे. लिहिलं की लोकांना ते फीचर वाटतं, मग कोणीतरी मुद्दाम तसंच वापरतं. सिलेक्टमध्ये ठेवायचंच कशाला, फ्रॉममध्ये (टेबलांच्या जागी) टाका, क्रॉस जॉईन करा, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी, विषय संपला.

रात्रपाळी: अहो पण न लिहूनच तर वापरलं ना! ६ ओळी बघून ज्याने क्वेरी लिहिली त्याला वाटलं सगळ्या जोड्या मिळाल्या. २ रंग ४ साइझ असते तर ८ च्या जागी ४ च आल्या असत्या, लालमध्ये मीडियम कधीच नाही, आणि एररसुद्धा नाही. २ आणि ३ चा गुणाकार आणि लसावि सारखाच, म्हणून इतकी वर्षं झाकलं गेलं.

कपबशी: खुद्द पोस्टग्रेसवाल्यांनी आपल्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की १० च्या आधी हे धड वागत नव्हतं, लसाविसकट. २०१७ मध्ये वागणं बदललं तरी जुनं काय होतं ते सांगितलंच. त्यांना लाज नाही वाटली, तुमच्या लीडला का वाटावी?

खुंटी: लाजेचा प्रश्न नाही ओ, लिहून कोण ऐकतं? एसक्यूएल सर्व्हरचं (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) स्ट्रिंग_स्प्लिट घ्या, मजकूर तोडून ओळी देणारं फंक्शन, ओळींच्या क्रमाची गॅरंटी नाही असं डॉक्युमेंटमध्ये स्पष्ट होतं, तरी अर्ध्या जगाने क्रम धरूनच कोड लिहिला. शेवटी २०२२ च्या व्हर्जनमध्ये क्रमांकाचा कॉलम द्यावा लागला. विकीपेक्षा एक टेस्ट लिहा, ती तरी बोंब मारते.

कपबशी: आणि ती टेस्ट फेल झाली की नवीन पोरगं कुठे बघणार, ६ च का अपेक्षित होते ते?

खुंटी: टेस्टच्या वर दोन ओळींची कॉमेंट. विकी नको, आमची २०१९ नंतर कोणी उघडलेली नाही.

रात्रपाळी: कॉमेंट चालेल. लीडला आत्ताच विचारलं, म्हणतो "लसावि हा शब्द तेवढा काढ, क्लायंट कोड वाचतो" 😑