गरुधम्मांपाशी चर्चा अडते, पुढं कसं न्यावं?

शाहूपुरीकर
इथं कोल्हापुरात विहारात वर्षावासाचं वाचन चालू आहे. येत्या रविवारी विषय भिक्खुनीसंघ, म्हणजे भिक्षुणींचा संघ. आठ गरुधम्म (भिक्खुनींना घातलेल्या मुख्य अटी) वाचले की "बुद्धानंच बायकांना खाली ठेवलं" यावर गाडी थांबते. आणि उपसंपदेचे (संघातल्या पूर्ण दीक्षेचे) टप्पे नेमके कोणते?

पंचगंगाकाठ
सुरुवातच गरुधम्मांपासून करू नका, दादा. चुल्लवग्गात (विनयपिटकाचा भाग) त्याआधी बुद्धांचा शिष्य आनंद विचारतो, स्त्री सोतापत्तीपासून (मुक्तीची पहिली पायरी) अरहत्त्वापर्यंत (शेवटची) पोचू शकते का? बुद्ध हो म्हणतात. ते आधी वाचा.

मग सहावा गरुधम्म काढा. सिक्खमानेनं (उमेदवार स्त्रीनं) दोन वर्षं सहा नियम पाळून दोन्ही संघांकडं उपसंपदा मागायची. पण दीक्षा मागायला आलेली बुद्धांची मावशी महापजापती गोतमी अजून वेसालीच्या दाराशीच उभी आहे. भिक्खुनीसंघच नाही, तर 'दोन्ही' आले कुठून? शिवाय यातले काही नियम पाचित्तियांत (भिक्खुनींच्या नियमांचा एक गट) पुन्हा येतात, तेही वेगळ्या निमित्तकथांसकट. पहिल्याच दिवशी ठरले असते तर निमित्त कशाला लागलं असतं? यादी मागाहून बांधली, असं म्हणणाऱ्या अभ्यासकांचं मला पटतं.

विनयवाचक
टप्पे: सामणेरी (नवशिकी, दहा शील), सिक्खमाना, मग भिक्खुनी. सिक्खमानेचे सहा नियम म्हणजे ब्रह्मचर्यासह पाच शील आणि दुपारनंतर न जेवणं. मधे मोडलं तर दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. अविवाहितेला वयाची 20 वर्षं पुरी लागतात. भिक्खुनीला चीवरं (वस्त्रं) पाच, भिक्खूंना तीन.

अंतरायाचे (दीक्षेला आड येणाऱ्या गोष्टींचे) प्रश्न आधी भिक्खूच विचारत. त्यात शरीराचे प्रश्नही असल्यानं बायका लाजून गप्प होत, म्हणून ते काम भिक्खुनींकडं आलं. दीक्षेला निघालेल्या अड्ढकासी या स्त्रीच्या वाटेवर गुंड दबा धरून होते, तेव्हा दूती पाठवून उपसंपदा घ्यायची मुभा मिळाली. हा प्रसंग जरूर वाचा, सभा जागी होते.

शाहूपुरीकर
भिक्खुनींचे 311 विरुद्ध भिक्खूंचे 227 नियम, हे कसं समजवायचं?

विनयवाचक
नुसता आकडा फेकू नका. बरेच नियम सामाईक आहेत, आणि काही उलट भिक्खूंवर आहेत: नात्यात नसलेल्या भिक्खुनीकडून वापरलेलं चीवर धुऊन घ्यायचं नाही.

पंचगंगाकाठ
उपासिका (गृहस्थ अनुयायी स्त्रिया) विसरू नका. महावच्छगोत्त सुत्तात घरात राहून ब्रह्मचर्य पाळणाऱ्या, अनागामी (अरहत्त्वाच्या आधीची पायरी) झालेल्या पाचशेहून अधिक उपासिका आहेत. आणि जवळचा पुरावा हवा असेल तर रायगडातल्या कुडा लेण्यांत पदुमणिका या प्रव्रजितेनं (संसार सोडलेल्या स्त्रीनं) लेणं आणि पोढी (पाण्याचं टाकं) दान दिल्याचा लेख आहे. आई नागणिकाही प्रव्रजिता, आणि दानात बोधी व असाळ्हमिता या दोन शिष्या सोबत.