२६ हजारांत वापरलेला एस२३ घ्यावा, की तेवढ्यातच नवा कोरा फोन?

दिंडोरीचा बागायतदार

राम राम मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. फवारणी करताना माझा फोन औषधाच्या टाकीत पडला तो गेलाच. आता दुसरा घ्यायचाय. २७ हजारांच्या वर एक रुपया जाणार नाही, कारण गोडी छाटणीच्या खर्चाचे पैसे बाजूला काढून ठेवलेत आणि त्याला हात लावायचा नाही असं घरात ठरलंय.

काल नाशिकला एम. जी. रोडवर दोन तास फिरलो. एका दुकानात वापरलेला सॅमसंग गॅलक्सी एस२३ दाखवला, ८ जीबी रॅम, १२८ जीबी, २६ हजार. हाच फोन फेब्रुवारी २०२३ मध्ये आला तेव्हा ७४,९९९ रुपयांचा होता. हातात घेतला तर खाली ठेववेना. शेजारच्या दुकानात नवा सीलबंद गॅलक्सी ए२६ होता, २५ हजारांच्या आतबाहेर, पक्कं बिल, वर्षाची वॉरंटी.

माझं काम असं आहे : पानावर डावणी रोगाचे तेलकट पिवळे डाग किंवा भुरी रोग दिसला की लगेच फोटो काढून सल्लागारांना पाठवायचा. ते फोटोवरून औषध सांगतात, त्यामुळे फोटो धुरकट आला तर एक दिवस वाया जातो. दुपारी दोनच्या उन्हात बागेत स्क्रीन दिसली पाहिजे. आणि व्यापाऱ्यांचे पैसे याच फोनवर जमा होतात. गेम खेळत नाही. कोणता घेऊ?

कॉलेजरोड फोटोवाला

दादा, डोळे झाकून एस२३. मी लग्नाचे, प्री-वेडिंगचे फोटो काढतो, दोन वर्षं एस२३ माझ्या खिशात आहे. २५ हजारांच्या नव्या फोनचा मुख्य कॅमेरा बरा असतो, पण बाकीचे कॅमेरे नुसती संख्या भरायला लावलेले असतात. ए२६ ला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा कॅमेरा आहे. त्याने काढलेलं पान सल्लागारांना पाठवून बघा, ते परत फोन करून विचारतील हे काय आहे म्हणून.

एस२३ ला खरा तीनपट झूम आहे, मागे काच आहे, कडेला ॲल्युमिनियम आहे, स्क्रीन १७५० निट्सपर्यंत (निट्स म्हणजे उजेडाचं माप) उजळते. तुमच्या दुपारच्या उन्हाचा प्रश्न तिथेच सुटला. शिवाय त्यातला स्नॅपड्रॅगन ८ जेन २ प्रोसेसर अजूनही आजच्या मधल्या किमतीच्या नव्या फोनांच्या पुढे पळतो. ७५ हजारांची वस्तू एक तृतीयांश किमतीत मिळतेय, अजून काय पाहिजे?

पॅचवाला, इंदिरानगर

वरच्या मित्राचं कॅमेऱ्याबद्दलचं सगळं मान्य, पण त्यांनी एक आकडा सांगितलाच नाही, आणि या धाग्यात तोच सगळ्यात मोठा आहे. एस२३ ला कंपनीने चार मोठे अँड्रॉइड अपडेट आणि पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट कबूल केले. फेब्रुवारी २०२३ पासून पाच वर्षं म्हणजे २०२८ ची सुरुवात. हे घड्याळ फोन बाजारात आल्याच्या दिवसापासून चालतं. तुम्ही कधी घेतला याच्याशी त्याचा संबंध नाही. दुकानदार ‘सीलबंद जुना स्टॉक आहे’ म्हणाला तरी घड्याळ तेच.

ए२६ मार्च २०२५ मध्ये आला आणि त्याला सहा वर्षं कबूल केली आहेत, म्हणजे २०३१.

आता हिशोब करा. २६ हजार भागिले दोन वर्षांहून कमी, म्हणजे वर्षाला १३ हजारांच्या वर. दुसरीकडे २५ हजार भागिले साधारण पाच. ज्या फोनवर द्राक्षाचे पैसे येतात, तिथे मला हा हिशोब सगळ्यात आधी मांडावासा वाटतो. मी बँकेच्या ॲपवर काम करणाऱ्या टीममध्ये आहे. जुन्या भोकांमधून आत शिरणारे लोक कसे काम करतात हे रोज समोर येतं, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

कॉलेजरोड फोटोवाला

पण २०२८ मध्ये फोन बंद पडणार आहे का? अपडेट थांबले की दुसऱ्या दिवशी फोन मरत नाही. माझ्या वडिलांचा फोन तीन वर्षं विनाअपडेट चाललाय, आजही त्यावर यूपीआय होतं.

पॅचवाला, इंदिरानगर

फोन मरत नाही, बरोबर. पण तो उघडा राहतो. सिक्युरिटी अपडेट म्हणजे सापडलेली भोकं बुजवणं. अपडेट थांबल्यावर नवी भोकं सापडत राहतात, फक्त तुमच्या फोनमध्ये ती बुजवायला कुणी येत नाही. वडिलांच्या खात्यात किती रक्कम असते ते माहीत नाही, पण दादांच्या खात्यात हंगामात एका व्यापाऱ्याचे चार-पाच लाख एकदम येत असतील. आणि बँकांची ॲप्स अँड्रॉइडची किमान आवृत्ती हळूहळू वर नेतात. आज चालतंय म्हणून तीन वर्षांनी चालेलच असं धरून चालू नका.

नाशिकरोडची आई

मी तांत्रिक काही सांगू शकत नाही, घडलं ते सांगते. गेल्या वर्षी मुलीच्या बारावीसाठी आम्ही असाच जुना भारी फोन घेतला. कंपनीचं नाव घेत नाही. फोन सुंदर होता, मुलगी हरखून गेली. चौथ्या महिन्यात एका अपडेटनंतर स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ आली. आठ दिवसांत दुसरी. दुकानात गेले तर म्हणाले, ताई, चेकिंग वॉरंटी सात दिवसांची होती. स्क्रीन बदलायला ११ हजार सांगितले. परीक्षा तोंडावर, सगळ्या नोट्स त्यातच. ११ हजार दिले. त्याच महिन्यात तिच्या क्लासची फी होती, ती उशिरा भरली आणि तिला वर्गात उभं करून विचारलं गेलं. ते मला अजून टोचतं.

दादा, तुमचे छाटणीचे पैसे बाजूला आहेत म्हणालात ना, मग आणखी दहा हजारांची तयारी ठेवूनच जुना घ्या, नाहीतर घेऊ नका.

हीटगन

ताईंनी लिहिलं ते माझ्या टेबलावर दर आठवड्याला येतं. शालिमारजवळ चौदा वर्षं मोबाइल दुरुस्ती करतोय. हिरवी रेघ ॲमोलेड डिस्प्लेचं दुखणं आहे. डिस्प्लेच्या कडेला पातळ पट्टी जोडलेली असते, आम्ही तिला स्ट्रिप म्हणतो. उष्णतेने किंवा दाबाने तिचा जोड सैल झाला की रेघ येते. लोक अपडेटला दोष देतात, कारण अपडेट होताना फोन बराच वेळ गरम राहतो आणि आधीच कमजोर झालेला जोड तेव्हा सुटतो. रेघेला दुरुस्ती नाही, अख्खा फोल्डर, म्हणजे काचेसकट डिस्प्ले बदलावा लागतो. भारी फोनचा ओरिजिनल फोल्डर जुन्या फोनच्या जवळपास निम्म्या किमतीत जातो. कॉपी टाकला तर उजेड गेला, रंग गेले, आणि मग ते १७५० निट्स फक्त कागदावर.

दादा, तुमच्या कामात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, ती कुणी बोललं नाही. तुमचा आधीचा फोन औषधात पडला. दुकानदार तुम्हाला सांगेल आयपी६८ आहे, पाण्यात पडला तरी चालतो. ते आयपी६८ नव्या फोनचं, आणि चाचणी गोड्या पाण्यात, दीड मीटर खोल, अर्धा तास. बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या पाण्यातली नाही. तीन वर्षांत आतला गोंद सुकतो. आणि फोन एकदा जरी उघडला गेला, समजा बॅटरी बदलायला, आणि परत नीट सील केला नाही, तर ते आयपी६८ संपलं असं समजा. बाजारातले वापरलेले बरेच फोन उघडलेले असतात. बॅक ग्लास हलक्या हाताने दाबून बघा, कुठे ‘टक’ असा आवाज आला तर तो उघडला गेलाय. सिमचा ट्रे काढून टॉर्चने आत बघा, पांढरी पट्टी असते. ती गुलाबी किंवा लाल झाली असेल तर फोनने पाणी प्यायलंय.

बॅटरी मात्र मी अडचण धरत नाही. एस२३ ची ३९०० एमएएचची आहे आणि तीन वर्षांनी ती दमलेली असणारच. सर्व्हिस सेंटरमधून बदलून, सील करून घ्या आणि तो खर्च किमतीत धरा.

मी जुन्या फोनांच्या विरुद्ध नाही, माझं घर त्यावर चालतं. चांगला पीस मिळाला तर एस२३ उत्तमच. त्याच्या आधीचे दोन-तीन भारी फोन मात्र मी कुणालाच सुचवत नाही. त्यांतले स्नॅपड्रॅगन ८८८ आणि ८ जेन १ प्रोसेसर तापतात हे सगळ्यांना माहीत आहे. ८ जेन २ मात्र टीएसएमसी या तैवानच्या चिप कंपनीच्या कारखान्यात बनला आणि तो त्रास बराच कमी झाला.

सातपूरचा आयफोनकर

एवढ्यात आयफोन १३ बघा की. सप्टेंबर २०२१ चा असून आयओएस २६ मिळालं. अपडेटची चिंताच नको.

हीटगन

दादांनी विचारलेलं वाचा. बागेतलं ऊन आणि पानाचा फोटो. साध्या १३ ला झूमचा वेगळा कॅमेरा नाही, मॅक्रो नाही, तो १३ प्रो ला आहे. स्क्रीन रोजच्या वापरात ८०० निट्स. चार्जर लाइटनिंगचा, म्हणजे घरात वेगळी वायर. आणि त्याची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्क्यांवर येईल अशी बनवलेली आहे हे ॲपल स्वतः सांगतं. चार वर्षांच्या फोनचे ५०० चार्ज केव्हाच झालेले असतात.

पॅचवाला, इंदिरानगर

ज्यांना भारीच फोन हवा आणि थांबता येतं, त्यांनी जानेवारी २०२४ चा एस२४ किंवा ऑक्टोबर २०२३ चा पिक्सेल ८ यांवर नजर ठेवावी. या दोघांपासून सात वर्षांचे अपडेट सुरू झाले, म्हणजे २०३१ आणि २०३० पर्यंत. जुना फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा भारी फोन घेणं कधी शहाणपणाचं, याची रेघ माझ्यासाठी तिथे आहे. तिच्या अलीकडचा घ्या, पलीकडचा सोडा.

कॉलेजरोड फोटोवाला

ते २७ हजारांत चांगल्या अवस्थेत मिळवून दाखवा, मग बोलू. दादांना छाटणीआधी फोन हवाय.

दिंडोरीचा बागायतदार

सगळ्यांचे आभार, विशेषतः नाशिकरोडच्या ताईंचे. तुमचं लिहिलेलं घरी वाचून दाखवलं. बायको गप्प बसून ऐकत होती आणि मग म्हणाली, आपले दहा हजार कुठून येणार?

आज पुन्हा एम. जी. रोडला गेलो. दुकानदार भला माणूस, त्याने फोन हातात देऊन रस्त्यावर उन्हात जाऊ दिलं. स्क्रीन खरंच लख्ख दिसते, फोटोवाल्या भावाचं शंभर टक्के खरं. *#०*# दाबून लाल-हिरवा-निळा पडदा बघितला, डाग नाही. *#०६# करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर काढला, केवायएम आणि तो नंबर लिहून १४४२२ या सरकारी नंबरला मेसेज केला, उत्तरात मॉडेल बरोबर आलं, चोरीचा नव्हता.

मग हीटगन भाऊंनी सांगितल्याप्रमाणे मागची काच दाबली. खालच्या डाव्या कोपऱ्यात टक आवाज. दुकानदाराला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं, बॅटरी बदललीय, बाहेरच बदललीय. खोटं बोलला नाही याचं बरं वाटलं. तरी मन खट्टू झालं, कारण फोन मनात भरला होता.

अजून एक करून बघितलं. घरून द्राक्षाचं पान पिशवीत घालून नेलं होतं. एस२३ अगदी जवळ नेला की डाग धुरकट येतो. हात लांब करून झूम लावला तर छान येतो.

कॉलेजरोड फोटोवाला

हो, त्या फोनला जवळचा मॅक्रो नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं. जवळ गेलं की तो तीनपटचा कॅमेरा सोडून मुख्य कॅमेऱ्याचा मधला भाग कापून वापरतो. पण तरीही २ मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी चांगला. तो पीस उघडलेला निघाला म्हणून सगळे एस२३ वाईट ठरत नाहीत. आठवडाभर थांबा, बिल असलेला, पहिल्या मालकाचा शोधू. माझ्या ओळखीत विचारतो.

दिंडोरीचा बागायतदार

भाऊ, तुमचा आग्रह मनापासून आहे हे कळतंय. पण माझे हात दिवसभर औषधात, आणि फोन त्याच हातात. उघडलेला नको, आणि न उघडलेला आहे याची खात्री कोण देणार? पैसेही त्याच फोनवर येतात. ए२६ घेतला. आयपी६७ आहे, बॅटरी ५००० ची आहे. उन्हात एस२३ एवढा दिसत नाही, हाताची सावली करावी लागते. ते मी मान्य करून घेतलंय.

कॉलेजरोड फोटोवाला

मला अजूनही वाटतं की फोटोत तुमचं नुकसान झालं, आणि फोन फोटोसाठीच घेत होता. पण घेतलाच आहे तर एवढं करा. मॅक्रोचं बटण दाबूच नका. मुख्य कॅमेरा, दुप्पट झूम, पानापासून वीतभर लांब, डागावर बोट ठेवून फोकस घ्या. पानामागे वहीचा पांढरा कागद धरा, नाहीतर फोन मागच्या वेलीवर फोकस करतो. डावणीसाठी पानाची खालची बाजूही काढा, सकाळी दव असताना, पांढरी बुरशी तेव्हाच नीट दिसते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना वरचं एचडी दाबायला विसरू नका. पहिले दोन-तीन फोटो इथे टाका, मी बघतो.