पॉम्पेईच्या मैफलीची नवी आवृत्ती : २००३ ची डीव्हीडी घ्यावी, की २ मेपर्यंत थांबावे?

लक्ष्मीनगरकर (८ एप्रिल २०२५)

नमस्कार. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडने ऑक्टोबर १९७१ मध्ये पॉम्पेईच्या रोमन अँफिथिएटरात, समोर एकही श्रोता नसताना वाजवलेल्या मैफलीचा चित्रपट २४ एप्रिलपासून परदेशांतल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागतो आहे आणि २ मे रोजी त्याची ब्लू-रे व डीव्हीडी बाजारात येते आहे, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. माझा प्रश्न त्या डिस्कविषयी आहे, पण त्यामागची गोष्ट सांगितल्याशिवाय तो नीट मांडता येणार नाही.

माझे वडील मे महिन्यात सत्तर वर्षांचे होत आहेत. १९८० च्या दशकात त्यांच्या एका मित्राने मस्कतहून या चित्रपटाची व्हीएचएस कॅसेट आणली होती. ती मूळ कॅसेट नव्हती, कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली होती, आणि वडिलांनी तिच्यावरून आणखी एक स्वतःसाठी उतरवून घेतली. महालातल्या आमच्या जुन्या घरी ते आणि त्यांचे तीन मित्र ती किती वेळा पाहत असत याची मोजदाद नाही. पुढे एकदा फीत व्हीसीआरमध्ये अडकली आणि नेमकी ज्या ठिकाणी कुत्र्यासमोर माइक धरला जातो व ते ब्लूजच्या सुरावर रडू लागते, त्याच ठिकाणी चुरगळली. तेव्हापासून तो तुकडा आमच्या घरी पांढऱ्या रेघांचाच आहे. मागच्या वर्षी मी ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली, परंतु आकाश, दगड आणि माणसे हे सगळे एकाच मातकट रंगाचे दिसते.

ओळखीचे एक गृहस्थ त्यांच्याकडची २००३ ची डीव्हीडी मला द्यायला तयार आहेत. ती आताच घ्यावी, की नव्या आवृत्तीसाठी थांबावे? नवीन घ्यायची तर ब्लू-रे घ्यावी की डीव्हीडी? ब्लू-रे परदेशातून मागवली तर आपल्याकडच्या प्लेअरवर चालेल का? वडिलांचे तिन्ही मित्र आजही नागपुरातच आहेत आणि त्या सर्वांना एकत्र बसवून हा चित्रपट दाखवावा, असा माझा बेत आहे.

धरमपेठचा संग्राहक (८ एप्रिल २०२५)

थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सविस्तर सांगतो.

२००३ ची डीव्हीडी माझ्याकडे आहे. ती दिग्दर्शक एड्रियन मेबन यांनी नव्याने जुळवलेली आवृत्ती आहे. तिच्यात त्यांनी ग्रहगोलांची संगणकावर तयार केलेली दृश्ये आणि अंतराळातली चित्रे मधेमधे घातली आहेत, शिवाय मुख्य चित्रपट रुंद पडद्याच्या मापात बसवला आहे. मूळची साठेक मिनिटांची मैफल त्याच डिस्कवर जोड म्हणून दिली आहे, ती मात्र जुन्या चौकोनी मापात. आपल्या वडिलांनी जे पाहिले आहे त्यात वादक, दगडी पायऱ्या, धुराळा आणि ऊन याखेरीज फारसे काही नव्हते. त्यांना एकदम फिरता गुरू ग्रह दाखवलात, तर ‘हा तो नव्हे’ असेच ते म्हणतील. मी स्वतः तसेच म्हणालो होतो.

नव्या आवृत्तीतली खरी बातमी ४के (म्हणजे सुमारे चार हजार बिंदू रुंदीचे चित्र) ही नाही. खरी बातमी आहे ती मूळ ३५ मिलिमीटर निगेटिव्ह सापडल्याची. पिंक फ्लॉइडच्या चित्रफितींच्या पुनरुज्जीवनाचे काम पाहणाऱ्या लाना टोपहॅम १९९४ पासून या चित्रपटाच्या मूळ रिळांच्या शोधात होत्या आणि अखेर १९७२ ची कापून जुळवलेली मूळ निगेटिव्ह बँडच्याच संग्रहात, धड नाव नसलेल्या पाच डब्यांत मिळाली. आपल्या घरच्या कॅसेटचे उदाहरण घेतले तर याचे मोल लगेच कळेल. निगेटिव्हवरून प्रिंट निघते, प्रिंटवरून व्हिडिओचा मास्टर, मास्टरवरून कॅसेट, त्या कॅसेटवरून मस्कतची कॅसेट आणि तिच्यावरून आपली. प्रत्येक पायरीवर गडद भाग अधिक गडद होत जातो, उजळ भाग फटफटीत होतो आणि बारीक तपशील पुसले जातात. आता त्या सगळ्या पायऱ्या गाळून थेट पहिल्या पायरीवरून ४के स्कॅन झाला आहे आणि फ्रेम-फ्रेम तपासून दुरुस्ती केली आहे.

दोन ठिकाणी मी स्वतः डोळे लावून बसणार आहे. पहिले ठिकाण ‘वन ऑफ दीज डेज’. या रचनेत कॅमेरा जवळजवळ सर्व वेळ ड्रमवादक निक मेसन यांच्यावरच असतो, कारण इतरांवर रोखलेल्या कॅमेऱ्यांची रिळे पुढे हरवली. ऐन भरात मेसन यांच्या हातातली एक काठी निसटते आणि एकही ठोका न चुकवता ते दुसरी उचलतात. डीव्हीडीवर हे दिसते खरे, पण पुसट; कॅसेटवर तर हात नुसता धूसर पट्ट्यासारखा हलतो. दुसरे ठिकाण ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’, जिथे बासवादक रॉजर वॉटर्स भर उन्हात त्या प्रचंड गाँगवर प्रहार करतात. त्या धातूवरची चकाकी आजवरच्या प्रत्येक प्रतीत पांढऱ्या डागासारखी दिसत आली आहे. निगेटिव्हमध्ये त्या पांढऱ्यातही तपशील असतो, आणि मला तो पाहायचा आहे.

आता आपले व्यावहारिक प्रश्न. ४के हा स्कॅनचा दर्जा आहे. २ मे रोजी येणाऱ्या डिस्क ब्लू-रे आणि डीव्हीडी अशा दोनच जाहीर झाल्या आहेत. आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते आणि ब्लू-रेचे १९२० × १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. त्यामुळे प्लेअर उसना आणावा लागला तरी ब्लू-रेच घ्यावी. ब्लू-रे डिस्क ठरावीक विभागातल्याच प्लेअरवर चालेल अशी बांधलेली असू शकते. या विभागवारीत अमेरिका ‘ए’ मध्ये, ब्रिटन व युरोप ‘बी’ मध्ये आणि भारत ‘सी’ मध्ये येतो. संगीताच्या बहुतेक ब्लू-रे विभागमुक्त असतात, तरीही पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याच्या पानावर वेष्टनाच्या मागच्या बाजूचे चित्र पाहून घ्यावे. तेथे ए, बी, सी ही तिन्ही अक्षरे असली तर काळजी नाही. आणखी एक अनुभवाचा सल्ला : पार्सल पुठ्ठ्याच्या खोक्यातच पाठवा, असे आधी कळवावे. नुसत्या पाकिटातून आलेली माझी एक डिस्क मधोमध तडकून आली होती आणि उन्हाळ्यात तर प्लास्टिकची डबी हमखास वाकते.

रामदासपेठकर (९ एप्रिल २०२५)

संग्राहक काकांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु २००३ ची आवृत्ती त्यांनी फार लवकर निकालात काढली, असे वाटते. ती कुणा परक्याने केलेली ढवळाढवळ नव्हती. ज्या माणसाने हा चित्रपट कल्पिला त्यानेच तीस वर्षांनंतर त्याकडे पुन्हा पाहिले होते. १९७१ च्या उन्हाळ्यात मेबन पॉम्पेईला फिरायला गेले असता त्यांचा पासपोर्ट हरवला आणि तो शोधायला ते संध्याकाळी एकटेच त्या रिकाम्या अँफिथिएटरात परतले. तिथली शांतता ऐकून त्यांना या मैफलीची कल्पना सुचली. ज्याला ती शांतता प्रत्यक्ष भेटली, त्याला तिच्यासोबत ग्रहगोल दिसले असतील, तर मी त्याचे म्हणणे ऐकून घेईन.

माझी दुसरी शंका अशी आहे की, जुना चित्रपट ‘स्वच्छ’ करताना फिल्मचा दाणाच (चित्रावरचा बारीक रवाळपणा) घासून काढला जातो आणि माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. असे कितीतरी चित्रपटांचे झालेले आपण पाहिले आहे. पॉम्पेईतल्या धुळीचा आणि फिल्मच्या दाण्याचा माझ्या मनात एकच पोत आहे. तो गेला तर पाचपट बिंदू घेऊन काय करायचे?

धरमपेठचा संग्राहक (९ एप्रिल २०२५)

दाण्याबाबतची आपली काळजी रास्त आहे आणि ती माझीही आहे. मात्र या कामात दाण्याला शक्य तितका कमी हात लावल्याचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांनीच सांगितले आहे, आणि आतापर्यंत समोर आलेल्या झलकींत गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांच्या उघड्या खांद्यांवर व मागच्या भिंतीवर दाणा जिवंत दिसतो. मेबन यांच्या अधिकाराबद्दल मला आदरच आहे. प्रश्नकर्त्याच्या वडिलांना मात्र त्यांनी पाहिलेला चित्रपट परत मिळावा, एवढ्यासाठीच मी तसे लिहिले. २००३ ची डीव्हीडी मीही टाकून देणार नाही.

सदरचा साउंडवाला (१० एप्रिल २०२५)

गेली बावीस वर्षे मी नागपुरात कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था करतो, त्यामुळे चित्राविषयी न बोलता आवाजाविषयी लिहितो. माझ्या मते या आवृत्तीतली मोठी गोष्ट तीच आहे.

ध्वनिमिश्रण स्टीव्हन विल्सन यांनी नव्याने केले आहे. ‘पॉर्क्युपाइन ट्री’ हा त्यांचा स्वतःचा बँड, आणि किंग क्रिमसन, येस, जेथ्रो टल यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची त्यांनी केलेली मिश्रणे ज्यांनी ऐकली असतील, त्यांना ठाऊक आहे की हा माणूस जुन्या वादनावर नवे रंग फासत नाही. प्रत्येक वाद्याला त्याची जागा देतो आणि बाजूला होतो. पॉम्पेईत वाजवले गेले ते प्रत्यक्ष वाजवले गेले, आधी ध्वनिमुद्रित केलेल्या फितीवर ओठ हलवले गेले नाहीत. तसा आग्रह बँडनेच धरला होता आणि त्यासाठी लंडनहून सगळी सामग्री ट्रकने आणली होती. ती आली, जोडली गेली आणि मग लक्षात आले की तेथे पुरेशी वीजच नाही. शेवटी गावातून रस्त्यांवरून लांबच लांब केबल ओढून अँफिथिएटरात वीज आणावी लागली आणि चित्रीकरणाचे मोलाचे दिवस त्यातच गेले. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. एका गणेशोत्सवात मंचावरचे सगळे दिवे एकदम लागताच जनरेटरचा दाब खाली गेला आणि हार्मोनियमच्या माइकमधून ‘घूं’ असा सूर निघू लागला, तो मी रात्रभर काढू शकलो नव्हतो. उरलेल्या मोजक्या दिवसांत, दुरून ओढून आणलेल्या विजेवर या मंडळींनी ‘एकोज’ ही दीर्घ रचना वाजवली. आणि तीही ती असलेला ‘मेडल’ हा अल्बम बाजारात येण्याच्या काही आठवडे आधी! राहिलेल्या रचना त्यांनी डिसेंबरमध्ये पॅरिसच्या स्टुडिओत पूर्ण केल्या. कुत्र्याचा तो तुकडाही पॅरिसचाच आहे, पॉम्पेईचा नाही.

लक्ष्मीनगरकर भाऊ, आता आपल्या घरच्या मैफलीविषयी. ब्लू-रेवर स्टिरिओ (दोन स्पीकरांसाठी), ५.१ (भोवतीचे पाच स्पीकर व एक सबवूफर) आणि डॉल्बी ॲटमॉस (वरूनही आवाज येणारे) अशी मिश्रणे आहेत. ॲटमॉससाठी रिसीव्हर आणि छताकडचे स्पीकर लागतात. ते नसतील तर प्लेअरच्या मेनूत सरळ स्टिरिओ निवडा. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर मात्र वापरू नका, त्यांतून वॉटर्स यांचा बास ऐकूच येणार नाही. जुना ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर कुणाकडेही मिळतील. ते भिंतीपासून हातभर पुढे ठेवा आणि दोन स्पीकरांमध्ये जेवढे अंतर, तेवढ्याच अंतरावर मधल्या खुर्चीत वडिलांना बसवा.

आणि कूलर बंद करा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना नागपूरकराला असे सांगणे धाडसाचे आहे, याची मला कल्पना आहे. पण ‘एकोज’ सुरू होते ती पियानोच्या एका उंच, एकट्या सुरापासून. फिरत्या लेस्ली स्पीकरमधून आल्यामुळे तो सूर पाण्यात थेंब पडावा तसा थरथरतो. तो वाजवणारे रिचर्ड राइट २००८ मध्ये गेले. ताट्यांवरून ठिबकणारे पाणी आणि पंख्याची घरघर यांत तो सूर पूर्ण बुडतो. मी माझ्याच घरी प्रयोग करून पाहिला आहे. दिवसा दाखवू नका. रात्री दहानंतर, गच्चीवर पाणी मारून आणि खिडक्या उघडून बसलात, तर तासाभरासाठी कूलरची गरज पडणार नाही.

लक्ष्मीनगरकर (१२ एप्रिल २०२५)

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या नेमकेपणाने कुणी लिहील अशी अपेक्षा नव्हती.

ब्लू-रेची मागणी आज नोंदवली. वेष्टनाचे चित्र पाहून घेतले आणि खोक्याबद्दल विक्रेत्याला वेगळे लिहूनही कळवले. प्लेअर माझ्या सहकाऱ्याकडून मिळतो आहे आणि सदरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे काकांचा जुना ॲम्प्लिफायर माळ्यावरून काढून पाहिला. डावा चॅनेल थोडा खरखरत होता, व्हॉल्यूमची कळ स्वच्छ केल्यावर थांबला. रामदासपेठकरांचे म्हणणे वाचल्यावर २००३ ची डीव्हीडीही त्या गृहस्थांकडून घ्यायचे ठरवले आहे. ती नंतर, एखाद्या वेगळ्या दिवशी पाहू.

वडिलांना आश्चर्याचा धक्का द्यायचा विचार होता, पण स्पीकर हातभर पुढे आलेले त्यांनी पाहिले, तेव्हा सांगणे भाग पडले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी निगेटिव्हच्या त्या पाच डब्यांविषयी मला दोनदा विचारले, तिन्ही मित्रांना फोन लावले, आणि प्रत्येकाला पहिल्याच वाक्यात सांगितले की, या वेळी कुत्र्याचे गाणे पूर्ण आहे.