मनमाडचं रेल्वे वर्कशॉप: चालू ठेवायचं की म्युझियम करायचं?

हिशेबी: शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. मनमाडचं इंजिनिअरिंग वर्कशॉप १९०६ चं, जीआयपी रेल्वेच्या (इंग्रजांच्या काळातली कंपनी, आजची मध्य रेल्वे) पुलांचे गर्डर बनवायला काढलेलं. आज तिथे पॉइंट्स-क्रॉसिंगही (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड) बनतात, पण ते बनवणारे आरडीएसओ-मान्य (आरडीएसओ म्हणजे रेल्वेची मानकं ठरवणारी संस्था) खाजगी कारखाने आहेत की, मग रेल्वेने स्वतः लोखंड कापत का बसायचं? जुन्या शेडचं म्युझियम करा, माल टेंडरने घ्या.

रूळकरी: टेंडरने घेतातच हो, थिक वेब स्विच (जाड रुळाचे पॉइंट्स) कुठून येतात मग? पण टंग रेल (पॉइंटमधला सरकणारा रूळ) म्हणजे काय गज नाही, मापाने तोडून दिला की झालं. अख्खा रूळ प्लेनरवर (लोखंड तासायच्या मशीनवर) तासत तासत टोकाला पात्यासारखा करतात आणि तो स्टॉक रेलला (शेजारच्या पक्क्या रुळाला) असा चिकटून बसला पाहिजे की मध्ये ५ मिमीची पट्टी धरली तर पॉइंट लॉकच व्हायला नको, तशी टेस्टच असते. उद्या एखादा बसेना झाला तर व्हेंडरला पत्र लिहून वाट बघणार का?

हिशेबी: आणि शॉपला फोन केला की लगेच माल हजर, हे कुठल्या रेल्वेत? 😂 ओव्हरहेड (शॉप चालवायचा वरखर्च) धरा, मग बोला.

वाघदर्डीचं_पाणी: ओव्हरहेड धरा, पण गावाचंही धरा ना भाऊ. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल सांगता येत नाही, पक्की नोकरी म्हणजे रेल्वे नाहीतर एफसीआय (सरकारी धान्य गोदाम). म्युझियमला माणसं किती लागणार, तिकीट फाडायला दोघं?

निळी_पहाट: म्युझियमवाल्यांनो, १९३८ आठवा. याच मनमाडात जीआयपीच्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, आणि आपल्या माणसाला गँगमनच्या (रुळांची डागडुजी करणारा मजूर) वर चढू देत नाहीत ही तक्रार तिथेच मांडली. आज त्याच रेल्वेत त्या कामगारांची नातवंडं राखीव जागेवर फिटर होऊ शकतात. टेंडर घेणाऱ्याकडे आरक्षण कुठाय दादा?

हिशेबी: हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. तरी माझं म्हणणं, गर्डर ठेवा, कारण पूल वाहून गेला तर टेंडरची तारीख बघत बसता येत नाही. पॉइंट्स मात्र बाहेर द्या.

रूळकरी: पॉइंट्स काढलेत की निम्मं शॉप रिकामं, मग पुढच्या वर्षी तुम्हीच विचाराल एवढ्या गर्डरसाठी एवढी जागा कशाला. त्यापेक्षा नवीन मशीन मागा, भरती मागा. आहे तयारी?

हिशेबी: मशीनला हो. भरतीचं आधी काम दाखवा, मग बघू.