मदत हवी आहे: बोलणारी गोधडी, अडलेला धागा आणि एक रिकामा चौकोन

मी कापड, आवाज आणि सादरीकरण एकत्र करून काम करते. सध्या आम्ही अकरा ट्रान्स मैत्रिणी मिळून एक गोधडी शिवतोय. प्रत्येकीचा एक तुकडा, टाके तिचेच, आणि तुकड्याला हात लावला की तिचा आवाज ऐकू यावा. (डोक्यात १९८७ ची वॉशिंग्टनमधली एड्स स्मृती-गोधडी होती, एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत शिवलेली. तिचा एकेक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, साधारण कबरीएवढा. आम्ही जिवंत आहोत, म्हणून आमचे उशीच्या अभ्र्याएवढे!)

पहिली अडचण किरकोळ. वीजवाहक धाग्याचे टाके घडीत एकमेकांना टेकले की दोन आवाज एकदम सुरू होतात. जाड अस्तर लावलं तर स्पर्शच कळत नाही. कुणी यातून वाट काढली आहे का?

दुसरीने झोप उडवली आहे. एका मैत्रिणीने स्वतःचं जुनं नाव भरतकामात लिहून त्यावर लाल धाग्याने काट मारली. सुंदर काम. पण आता घरच्यांनी ते नाव ओळखलं तर, या भीतीने तिला तुकडा काढून हवाय. काढणारच, त्यात वाद नाही. पण तिथे रिकामा चौकोन ठेवावा का? काहींना तो हवाय. मला वाटतं, तोही तिच्याकडेच बोट दाखवेल.

कधीही माघार घेता येईल असं सोप्या मराठीतलं संमतीपत्र कुणाकडे आहे का? आणि गोधडी विकली गेली, तर पैशांची वाटणी तुम्ही कशी लिहून ठेवता?